तुरुंगरक्षकाचें शिक्षण

सायंकाळचे सहा वाजले, कीं अमेरिकेंतील एखाद्या मध्यम शहराच्या कम्युनिटी कॉलेजांत वीस-पंचवीस विद्यार्थी एका वर्गांत जमूं लागतात. त्यांत नुकतीच शाळा संपविलेला एकोणीस वर्षांचा मुलगा असतो. दिवसभर दुकानांत माल मोजून आलेली तरुणी असते. सैन्यांतून परतलेला एखादा प्रौढ गृहस्थ असतो. आणि दोन तासांनीं जवळच्या तुरुंगांत रात्रपाळीवर रुजूं व्हावयाचें असल्यामुळें गणवेषांतच आलेला एखादा रक्षकहि मागच्या बांकावर बसलेला आढळतो. शिकविणारे बहुधा निवृत्त पोलीस अधिकारी, वकील किंवा प्रोबेशन खात्यांत हयात घालविलेले अनुभवी लोक असतात. त्या दिवसाचा विषय असतो : शिक्षा कशासाठीं करावयाची? हा प्रश्न धर्मशास्त्रकारांनीं हाताळला, तत्त्वज्ञांनीं हाताळला. त्यांत नवें असें कांहीं नाहीं. नवें आहे तें एवढेंच, कीं येथें ज्यांना हा प्रश्न घातला जातो त्यांच्या कमरेला उद्यां खरोखरीच कोठडीच्या किल्ल्या लटकावयाच्या असतात.

कम्युनिटी कॉलेज ही संस्था आपल्याकडील कॉलेजाहून थोडी निराळी आहे. अशा प्रकारचें पहिलें सार्वजनिक कॉलेज इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथें १९०१ सालीं निघालें, असें सामान्यतः मानण्यांत येतें. पुढें राष्ट्राध्यक्ष ट्रुमन ह्यांनीं नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगानें १९४७ सालीं अशा संस्थांचा जोरानें पुरस्कार केला, आणि आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. शाळेचें शिक्षण पुरें केलेल्या कोणालाहि येथें बहुधा मज्जाव नसतो. गुणांची चाळणी लावून दारांतूनच परत पाठविण्याची रीत येथें नाहीं. फी विद्यापीठाच्या मानानें पुष्कळ कमी. वर्ग सकाळीं भरतात, रात्रींहि भरतात. सुमारे साठ 'क्रेडिट' पदरीं पडले म्हणजे 'असोशिएट' ही दोन वर्षांची पदवी मिळते. एक क्रेडिट म्हणजे साधारणतः एका सत्रभर दर आठवड्यास एक तास वर्गांत बसणें; एकेक विषय बहुधा तीन क्रेडिटांचा; म्हणजे वीस विषय झाले, कीं पदवी झाली. हिशेब सोपा आहे; परंतु दिवसां नोकरी करून रात्रीं तो पुरा करणें सोपें नाहीं, आणि कित्येकांना दोहोंऐवजीं चार वर्षें लागतात.

ह्या कॉलेजांतून जे विषय शिकविले जातात त्यांत 'क्रिमिनल जस्टिस' म्हणजे दंडन्याय हा एक विद्यार्थिप्रिय विषय आहे. त्याचीं तीन अंगें मानलेलीं आहेत : पोलीस, न्यायालयें आणि 'करेक्शन्स'. हा तिसरा शब्द विचार करण्याजोगा आहे. तुरुंग, प्रोबेशन, पॅरोल, बालगुन्हेगारांचीं गृहें, असा सर्व संसार ह्या एका शब्दाच्या पोटांत येतो. आणि त्याचा सरळ अर्थ मात्र 'सुधारणा', 'दुरुस्ती' असा आहे. अमेरिकन प्रिझन असोसिएशन ह्या जुन्या संस्थेनें १९५४ सालीं आपलें नांव बदलून अमेरिकन करेक्शनल असोसिएशन असें ठेवलें. पाटी बदलल्यानें भिंती बदलत नाहींत, हें खरें. तथापि नांव घेणें म्हणजे एका परीनें वचन देणें होय, आणि तें वचन कितपत पाळलें गेलें हें तपासणें हाच ह्या अभ्यासाचा गाभा आहे.

पोलिसांना पुस्तकी विद्या कशाला, हा आक्षेप अमेरिकेंतहि होताच. कॅलिफोर्नियांतील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर ह्यांनीं १९०८ सालीं आपल्या शिपायांसाठीं एक शाळा उघडली. स्वतः व्होल्मर ह्यांचें शालेय शिक्षण फारसें झालेलें नव्हतें; आणि ज्याचें शिक्षण राहून गेलें त्यालाच पुष्कळदां शिक्षणाची किंमत अधिक कळते, ह्याचें हें एक उदाहरण आहे. परंतु हें काम व्यापक प्रमाणावर सुरू झालें तें साठ वर्षांनीं. शहरांतील दंगे आणि वाढते गुन्हे ह्यांमुळें सारा देश अस्वस्थ झालेला असतांना राष्ट्राध्यक्षांनीं नेमलेल्या आयोगानें १९६७ सालीं आपला अहवाल सादर केला, आणि दुसऱ्याच वर्षीं झालेल्या कायद्यान्वयें पोलीस, तुरुंग व न्यायखातें ह्यांतील नोकरांना व उमेदवारांना कॉलेजांत शिकण्यासाठीं सरकारी पैसा मिळूं लागला. विद्यार्थ्यास कर्ज मिळे. शिक्षणानंतर त्यानें ह्या खात्यांत पूर्ण वेळ नोकरी केली, तर दर वर्षास कर्जाचा चौथा हिस्सा माफ होई. चार वर्षें नोकरी केली, कीं ऋणमुक्त!

सरकारी पैशाचा ओघ सुरू झाल्यावर जें होतें तेंच येथेंहि झालें. गांवोगांवच्या कॉलेजांनीं हे अभ्यासक्रम भराभर उघडले. कित्येक ठिकाणीं निवृत्त अधिकारी आपल्या नोकरींतील गोष्टी सांगत, आणि त्यालाच अध्यापन म्हणत. गाडी कशी थांबवावी, बेडी कशी घालावी, अहवालाचा नमुना कसा भरावा, ह्यांसारख्या गोष्टी क्रेडिटांच्या तराजूंत घालून पदवी म्हणून दिल्या जाऊं लागल्या. लॉरेन्स शर्मन ह्यांनीं एका राष्ट्रीय सल्लागार आयोगाच्या वतीनें १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत ह्या प्रकारावर कडक टीका आहे. हें शिक्षण नसून कवायत आहे, असा तिचा रोख होता; आणि पोलिसांसाठींचे दोन वर्षांतच संपणारे असे अभ्यासक्रम हळूहळू बंद करावे, असें त्यांत सुचविलें होतें.

तसे ते बंद झाले नाहींत, आणि तें एका अर्थीं बरेंच झालें. कारण ज्या मुलाचा बाप कारखान्यांत मजूर आहे आणि ज्याला चार वर्षें विद्यापीठांत काढणें परवडत नाहीं, त्याला ह्या कॉलेजाखेरीज दुसरें दार नाहीं. टीका मात्र वायां गेली नाहीं. आज चांगल्या कॉलेजांत कवायतीचा भाग निराळ्या प्रशिक्षणशाळेकडे सोंपविलेला असतो, आणि पदवीच्या अभ्यासक्रमांत मानसशास्त्र, समाजशास्त्र, राज्यघटना, थोडें गणित आणि इंग्रजी निबंधलेखन ह्यांना आवश्यक स्थान असतें. निबंधाच्या तासाला पुष्कळ विद्यार्थी कंटाळतात. तुरुंगांत निबंध कोणाला लिहून दाखवावयाचा, असें त्यांना वाटतें. वास्तविक तुरुंगरक्षकाच्या हातीं काठीपेक्षां लेखणी अधिक वेळ असते. रात्रीं दोन कैद्यांची मारामारी झाली, तर कोणीं, केव्हां, कोठें, काय केलें. कोणास किती लागलें. बळाचा उपयोग कोणीं, कशासाठीं केला, हें सर्व त्याला पाळी संपण्यापूर्वीं लिहून द्यावें लागतें. त्या कागदावरून एखाद्या कैद्याला महिनाभर एकांतकोठडी मिळूं शकते, त्याची सुटका लांबूं शकते. आणि तोच कागद वर्षभरानें न्यायालयांत पुरावा म्हणून वाचला जातो. पाहिलें काय आणि ऐकलें काय, ह्यांतील भेद ज्याला वाक्यांत राखतां येत नाहीं, त्याच्या हातून नकळत अन्याय घडतो.

'करेक्शन्स'च्या वर्गांत पहिला धडा शब्दांचाच असतो. अमेरिकेंत जेल आणि प्रिझन हीं दोन निरनिराळीं ठिकाणें आहेत. जेल जिल्ह्याचें असतें. तेथें खटल्याची वाट पाहणारे आणि थोड्या मुदतीची शिक्षा झालेले लोक राहतात. प्रिझन राज्याचें किंवा संघराज्याचें असतें. तेथें वर्षाहून अधिक शिक्षा झालेले कैदी असतात. आपल्याकडे कच्चे कैदी आणि पक्के कैदी असा भेद आहे, त्याच्याशीं हा बराचसा जुळतो. दोन्हीं ठिकाणें मिळून सुमारे अठरा ते वीस लक्ष माणसें त्या देशांत बंदिस्त आहेत, आणि जेलांतील दोनतृतीयांशांहून अधिक लोकांवरील गुन्हा अद्याप शाबीत झालेला नसतो. प्रोबेशन व पॅरोलवर देखरेखीखालीं असलेल्यांची संख्या ह्या बंदिवानांच्या जवळजवळ दुप्पट आहे. पहिल्याच आठवड्यांत हे आंकडे फळ्यावर लिहिले, म्हणजे वर्गांत थोडा वेळ शांतता पसरते. कारण विद्यार्थ्यांपैकीं कोणाचा भाऊ, कोणाचा चुलता त्या आंकड्यांतच असतो.

मग इतिहास येतो, आणि तो सज्जनांच्या फसलेल्या प्रयोगांनीं भरलेला आहे. फिलाडेल्फिया येथें १८२९ सालीं उघडलेल्या ईस्टर्न स्टेट तुरुंगांत प्रत्येक कैद्याला एकेका कोठडींत पूर्ण एकांतांत ठेवीत. माणूस एकटा राहिला म्हणजे अंतर्मुख होईल आणि त्याला पश्चात्ताप होईल, ही त्यामागची धार्मिक वृत्तीच्या लोकांची भाबडी कल्पना. प्रत्यक्षांत कित्येकांचीं मनें ढासळलीं. १८४२ सालीं तो तुरुंग पाहून गेलेल्या चार्ल्स डिकन्स ह्यांनीं त्या पद्धतीचा तीव्र निषेध केला. न्यूयॉर्क राज्यांतील ऑबर्न येथें दिवसां एकत्र काम, पण तोंडांतून शब्द काढावयाचा नाहीं, अशी रीत होती. आणि ती चाबकाच्या धाकावर चाले. एल्मायरा येथें १८७६ सालीं झेब्युलॉन ब्रॉकवे ह्यांनीं तरुण कैद्यांसाठीं सुधारगृह काढलें. तेथें शाळा होती, धंदेशिक्षण होतें, चांगल्या वर्तनाबद्दल गुण मिळत आणि त्यावर सुटकेची मुदत ठरे. साऱ्या जगांत त्याची वाहवा झाली. पुढें १८९० नंतर चौकशी झाली, तेव्हां हेच सुधारक स्वहस्तें कैद्यांना फटके मारीत असत, ही गोष्ट उजेडांत आली. विद्यार्थ्यांना ही हकीकत सांगितलीच पाहिजे. 'सुधारणा' हा शब्द तोंडांत असलेला माणूस हातांत चाबूक धरूं शकतो, हें त्यांना आधींच ठाऊक असलेलें बरें.

ह्या उदास इतिहासांत बोस्टनच्या एका चर्मकाराची गोष्ट मात्र मन प्रसन्न करणारी आहे. जॉन ऑगस्टस हा जोडे शिवणारा सुखवस्तु गृहस्थ १८४१ सालीं एका दिवशीं पोलीस कोर्टांत बसला होता. एका दारुड्याला न्यायाधीशासमोर उभें केलें. ऑगस्टसनें त्याच्याशीं दोन शब्द बोलून त्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनीं तो मनुष्य स्वच्छ, शुद्धीवर आणि कामाला लागलेला असा परत आला, तेव्हां न्यायाधीशानें त्याला खर्चाशिवाय अवघा एक सेंट दंड केला. ऑगस्टस १८५९ सालीं वारला. तोंवर त्यानें एकोणीसशेंहून अधिक लोकांचे जामीन घेतले होते. त्याच्यामागून १८७८ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें पगारी प्रोबेशन अधिकारी नेमण्याचा कायदा केला. आज लाखों माणसांवर देखरेख करणारें जें अवाढव्य खातें झालें आहे, त्याच्या मुळाशीं एका चांभाराची चौकसबुद्धि आहे. ऑगस्टस प्रत्येकाचा जामीन घेत नसे. माणसाची पूर्वपीठिका, वय, संगत पाहून मग घेई. निवड करण्याची ती कला हाच प्रोबेशनचा आजहि अवघड भाग आहे.

तथापि ह्या सर्व अभ्यासाला खरी धार येते ती ॲटिका ह्या नांवानें. न्यूयॉर्क राज्यांतील ॲटिका तुरुंगांत १९७१ सालच्या सप्टेंबरच्या ९ तारखेस बंड झालें. कैदी बहुतांशीं शहरांतले, कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन. रक्षक जवळजवळ सगळे आसपासच्या खेड्यांतील गौरवर्णीय. कैद्यांना अंघोळ आठवड्यांतून एकदां मिळे. चार दिवस वाटाघाटी चालल्या. १३ तारखेस राज्यानें सशस्त्र दळ आंत घातलें, आणि त्याच्या गोळीबारांत एकोणतीस कैदी व ओलीस धरलेले दहा कर्मचारी ठार झाले. ओलीसांना कैद्यांनीं मारलें, असें प्रथम जाहीर झालें होतें. प्रेतांच्या तपासणींत त्यांच्या अंगांत सरकारी गोळ्याच सांपडल्या. त्या पांच दिवसांतील एकंदर मृतांची संख्या त्रेचाळीस झाली.

कैद्यांच्या मागण्यांच्या यादींत चांगलें अन्न, औषधोपचार, योग्य मजुरी, धर्मस्वातंत्र्य ह्या गोष्टी होत्याच. परंतु त्यांत आणखी एक मागणी होती, आणि ती सहज डोळ्यांआड होते. तुरुंगरक्षकांना कैद्यांच्या गरजांचें शिक्षण द्या, म्हणजे ते शिक्षा करण्याऐवजीं समजून घेतील, अशी ती मागणी होती. ज्यांच्यावर पहारा होता त्यांनींच पहारेकऱ्यांसाठीं शाळा मागितली! कॉलेजांतील ह्या वर्गांचें याहून चांगलें समर्थन कोणत्याहि आयोगाला सुचलेलें नाहीं.

समजून घेणें म्हणजे हळवेपणा, असा मात्र अर्थ नाहीं. त्यासाठीं आधीं कायदा समजावा लागतो. फ्लॉरिडांतील क्लॅरेन्स गिडियन ह्या गरीब कैद्यानें तुरुंगांतून पेन्सिलीनें अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली, आणि गंभीर गुन्ह्याच्या खटल्यांत निर्धन आरोपीला सरकारनें वकील दिलाच पाहिजे, असा निर्णय १९६३ सालीं झाला. वकील मिळाल्यावर फेरखटल्यांत तो निर्दोष सुटला. रक्षक होऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्यानें त्यावरून एवढें घ्यावयाचें, कीं कैद्याची चिठ्ठी ही टवाळी समजून टोपलींत टाकावयाची वस्तु नव्हे. तसाच १९७६ सालचा निर्णय : कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून डोळेझांक करणें ही क्रूर शिक्षाच होय आणि ती घटनाविरुद्ध आहे. रात्रीं तीन वाजतां एखादा कैदी छातींत कळ आल्याचें सांगतो. तो ढोंग करीत असेल. यापूर्वीं दोनदां केलेंहि असेल. वरिष्ठ झोंपलेले असतात, डॉक्टर दूर असतो. त्या घटकेस राज्यघटना, न्यायालय आणि सरकार हीं सर्व त्या एका अल्पवेतनी रक्षकाच्या रूपानें दाराशीं उभीं असतात. दार ठोठावणाऱ्याची हांक खरी कीं खोटी, हें ओळखावयास कोणतेंहि पुस्तक शिकवीत नाहीं. पण ती खोटीच असेल असें गृहीत धरूं नये, एवढें पुस्तक शिकवूं शकतें.

पोटापाण्याच्या दृष्टीनें पाहतां ह्या पदवीविषयीं पुष्कळांच्या चुकीच्या समजुती असतात. तुरुंगरक्षकाच्या नोकरीला बहुतेक राज्यांत शाळेचें प्रमाणपत्र आणि खात्याचें कांहीं आठवड्यांचें प्रशिक्षण एवढें पुरतें. पदवी असली तर बढतीला उपयोगी पडते. मिनेसोटा राज्यांत मात्र पोलिसाच्या परवान्यासाठीं सर्वसाधारणपणें दोन वर्षांची पदवी लागते. प्रोबेशन अधिकारी व्हावयाचें, तर बहुधा चार वर्षांची पदवी हवी. म्हणजे कम्युनिटी कॉलेजानंतर आणखी दोन वर्षें विद्यापीठांत काढणें आलें. येथें एक खांच आहे, आणि तींत गरीब विद्यार्थीच पडतात. असोशिएट पदवीचे दोन प्रकार असतात : एक पुढील शिक्षणाला जोडणारा, दुसरा थेट नोकरीसाठींचा. दुसऱ्यांतील सर्व क्रेडिट विद्यापीठें मान्य करतीलच असें नाहीं. दोन वर्षांची मेहनत व पैसा खर्च करून आलेल्याला पुष्कळ विषय पुन्हां करावे लागतात. कॅलिफोर्नियानें २०१० सालीं कायदा करून आपल्या कॉलेजांतून राज्याच्या विद्यापीठांत जाणारा सरळ मार्ग आंखून दिला, ही शहाणपणाची गोष्ट झाली. शिवाय नोकरीपूर्वीं उमेदवाराच्या पूर्वायुष्याची कसून चौकशी होते. गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेल्याला ह्या खात्याचें दार बहुधा बंदच असतें. हें पहिल्याच दिवशीं न सांगतां फी घेणें प्रामाणिकपणाचें नव्हे.

महाराष्ट्राचा ह्या विद्येशीं संबंध दूरचा नाहीं. मुंबईंत १९३६ सालीं समाजकार्याची जी पहिली शाळा टाटांच्या देणगींतून निघाली आणि जिची पुढें टाटा समाजविज्ञान संस्था झाली, तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ड हे अमेरिकनच होते. गुन्हेगारी आणि सुधारप्रशासन हा विषय त्या संस्थेंत पुढें प्रामुख्यानें शिकविला गेला. ओहायो राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर रेकलेस हे १९५० नंतर लौकरच संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून भारतांत आले आणि त्यांनीं येथील तुरुंगव्यवस्थेवर अहवाल लिहिला. तुरुंगाधिकाऱ्यांसाठीं येरवड्यास प्रशिक्षण महाविद्यालय आहे. आणि औंध संस्थानांत आटपाडीजवळ कैद्यांना भिंतीशिवाय ठेवण्याचा स्वतंत्रपूरचा जो प्रयोग १९३० नंतरच्या दशकांत झाला, तो तर कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत शोभावा असा आहे. परंतु गांवच्या मॅट्रिक झालेल्या मुलाला, तुरुंगांत शिपाई म्हणून लागण्यापूर्वीं, घरापासून बसनें जाऊन रात्रीं शिकतां येईल अशी सोय आपल्याकडे नाहीं. फरक आहे तो तेवढाच, आणि तो लहान नाहीं.

कम्युनिटी कॉलेजांच्या कामाचें एक नवें अंग गेल्या कांहीं वर्षांत वाढलें आहे, तें म्हणजे खुद्द कैद्यांना शिकविण्याचें. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारें 'पेल' नांवाचें सरकारी अनुदान पूर्वीं कैद्यांनाहि मिळत असे. प्रामाणिक माणसाच्या मुलाला फी परवडत नाहीं आणि चोराला कॉलेज फुकट, अशी ओरड होऊन १९९४ च्या कायद्यानें तें बंद झालें. ती ओरड समजण्यासारखी होती, पण हिशेबाला धरून नव्हती; कैद्यांवर जाणारा पैसा एकंदर अनुदानाच्या एक टक्काहि नव्हता. तुरुंगांतील वर्ग एकामागून एक बंद पडले. रँड संस्थेनें २०१३ सालीं पूर्वींच्या अनेक पाहण्या एकत्र करून असें दाखविलें, कीं तुरुंगांत शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतींत पुन्हां गुन्ह्याकडे वळण्याचा संभव सुमारे ४३ टक्क्यांनीं कमी असतो. शिकावयास पुढें येणारा कैदी मुळांतच थोडा निराळा असतो, हें ध्यानांत ठेवूनच हा आंकडा वाचला पाहिजे. तरी तो दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. २०१५ सालीं प्रयोगादाखल आणि डिसेंबर २०२० च्या कायद्यानुसार १ जुलै २०२३ पासून सर्वत्र कैद्यांना हें अनुदान पुन्हां खुलें झालें.

असे वर्ग चालविणें जिकिरीचें असतें. पुस्तकें आधीं तपासून आंत जातात. इंटरनेट बहुधा नसतें. कोठें कांहीं गडबड झाली, कीं साऱ्या तुरुंगाला कुलूप लागतें आणि ठरलेली परीक्षा पुढें ढकलावी लागते. एरव्हींहि कैद्याला आपल्या पायांनीं वर्गांत जातां येत नाहीं; रक्षकानें कोठडी उघडून, मोजून, रांगेनें त्याला न्यावें लागतें. रक्षकाच्या मनांत असेल, तर तास वेळेवर सुरू होतो. नसेल, तर गणती पुन्हां करावी लागते, किल्ली सांपडत नाहीं, आणि प्राध्यापक रिकाम्या बांकांसमोर उभे राहतात.